दंडातला उंदीर, दंडातला बेडूक: लॅटिन 'मूस'ची कूळकथा

अटकमटक

माझी भाची जर्मनीत श्टुटगार्टला असते, सहावीत आहे. शाळेत तिने दुसरी परकी भाषा म्हणून लॅटिन घेतलंय. ताई-भावजींनी फ्रेंच घे म्हणून खूप समजावलं, पण मैत्रिणीने लॅटिन घेतलं म्हटल्यावर विषय संपला. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने बाही वर सारली, दंड वाकवला आणि म्हणाली, "मामा, हा बघ माझा छोटा उंदीर."

झालं असं की लॅटिनमध्ये उंदराला 'मूस' म्हणतात आणि छोट्या उंदराला 'मुस्कुलुस'. दंड वाकवला की कातडीखाली जो गोळा सरकतो, तो रोमन मंडळींना चादरीखाली पळणाऱ्या उंदरासारखा दिसला. म्हणून स्नायूचं नावही मुस्कुलुसच. इंग्रजीतला 'मसल' तिथूनच आला. पोरगी विचारते, "मग तुमच्या मराठीत काय म्हणतात?" म्हटलं, बेडकुळी. "म्हणजे?" म्हटलं, बेडकाचं पिल्लू गं. त्यावर पलीकडे जे हसणं सुरू झालं ते ताईने फोन काढून घेईपर्यंत थांबलं नाही.

पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेली. आठवडाभर जमेल तसं वाचतोय. हा 'मूस' उंदीर भलत्याच बिळांतून बाहेर येतो. सीझरच्या वेढ्यात आहे, निळ्या देवमाशाच्या नावात आहे, एका मोठ्या घराण्याचं टोपणनाव म्हणूनही आहे. आणि तो आपल्या मूषकाचा सख्खा भाऊ आहे, हे तर उघड दिसतंच. जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर कान धरावा.

भोचक

पहिला! बाकी आमच्या दंडात उंदीरही नाही आणि बेडूकही नाही. पाल असेल तर बघतो.

गोधडी

भोचक, तुम्ही विनोद केलात पण निशाणा बरोबर लागलाय. लॅटिनमध्ये 'लाकेर्तुस' म्हणजे दंड, आणि 'लाकेर्तुस' म्हणजे सरडाही. तेव्हा पाल-सरडा कुळातलं काहीतरी रोमन दंडात होतंच.

अटकमटक, मूस आणि मूषक यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'सारखं ऐकू येतं म्हणून एकच' एवढ्यावर सोडलं तर कडूकारले येऊन धाग्याचा भुगा करतील.

संस्कृतात मूळ शब्द 'मूष्'. मूषक, मूषिका ही त्याची वाढवलेली रूपं. लॅटिनमध्ये मूस, ग्रीकमध्ये मूस, फारसीत मूश, जुन्या इंग्रजीत मूस, जर्मनमध्ये माउस, रशियनमध्ये मिश. आपल्याकडे शेवटी 'ष' आणि लॅटिनमध्ये 'स', हा फरक नियमाने झालेला आहे. इ, उ, र, क यांच्यानंतर आलेला स संस्कृतात ष होतो. 'ऊ'नंतर आला म्हणून मूस् चा मूष् झाला. लॅटिनमध्ये दुसरीच गंमत. दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या 'स'चा तिथे 'र' होतो. म्हणून 'उंदीर' म्हणायचं तर मूस, पण 'उंदराचा' म्हणायचं तर 'मूरिस'. 'फ्लोस' म्हणजे फूल आणि 'फ्लोरिस' म्हणजे फुलाचा, तसंच हे. आता आपलं बघा: उंदीर, पण उंदराचा. कारण पूर्ण वेगळं, पण प्रत्यय लागला की आपलाही उंदीर अंग चोरतो. भाचीला ही विभक्ती पाठ करताना आठवेल.

कडूकारले

नाव निघालं म्हणून आलो. गोधडीताईंनी लिहिलंय ते मान्य. एकच पुरवणी. 'मुष्णाति इति मूषकः', चोरतो तो मूषक, हे लोक फार ठासून सांगतात. व्युत्पत्ती जुनी आहे, यास्काच्या निरुक्तात (वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात) आहे, मुष् म्हणजे चोरणे हा धातूही खरा आहे. पण मूष् मधला ऊ दीर्घ, मुष् मधला उ ऱ्हस्व. आणि उंदराचा शब्द ग्रीक, लॅटिन, जर्मन, रशियन सगळीकडे दीर्घ ऊ घेऊनच येतो. तेव्हा 'चोर' हा अर्थ मागाहून चिकटवलेला असू शकतो. उंदीर चोर आहे हे कळायला धातुपाठ लागत नाही, तांदळाचं पोतं पुरतं.

गोधडी

यास्क तिथे ज्या ऋचेवर बोलतो ती तर सांगा! ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १०५ वं सूक्त. त्रित नावाचा ऋषी विहिरीत पडलाय आणि देवांना हाका मारतोय. त्यात तो म्हणतो, 'मूषो न शिश्ना व्यदन्ति माध्यः'. उंदीर सूत कुरतडतात तशा चिंता मला कुरतडून खाताहेत. जुने भाष्यकार म्हणतात की हे विणकराचं सूत, खळ लावलेलं, आणि उंदीर येतो तो खळीच्या वासाने. माझी आजी धुतलेल्या लुगड्याला खळ लावून वाळत घालायची आणि संध्याकाळच्या आत उचला म्हणून घर डोक्यावर घ्यायची. कारण तेच.

काढा_आणि_लेप

वैद्य आहे, म्हणून गोळा उंदराचा की बेडकाचा यापेक्षा त्याला म्हणायचं काय, यात माझा जीव जास्त अडकतो. मूळ लेखात 'स्नायू' शब्द आलाय. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत स्नायु म्हणजे नस, नर्व्ह. आणि आमच्या सुश्रुतात स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर, कंडरांच्या जातीचे. मसलला सुश्रुत 'पेशी' म्हणतो. शरीरात पेशी ५०० आणि स्नायू ९००, असा त्याचा हिशेब आहे. आता मराठीत पेशी म्हणजे काय? सेल! आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला जी मुलं बारावीचं जीवशास्त्र मराठीतून करून येतात, त्यांना '५०० पेशी' वाचून हसू येतं. अब्जावधी पेशींच्या शरीरात सुश्रुताला फक्त ५०० सापडल्या, असं म्हणणारा विद्यार्थी मी स्वतः पाहिलाय. त्या मानाने रोमन लोकांचा उंदीर बरा. जागा सोडून कुठे गेला नाही.

आणि उंदराचाच विषय आहे तर आणखी एक शब्द. सभ्य धाग्यावर लिहावा का, विचार करत होतो. संस्कृतात 'मुष्क' म्हणजे वृषण. हा मूष् पासूनच निघाला असं भाषेचे अभ्यासक मानतात, म्हणजे इथेही 'छोटा उंदीर'च. रोमनांनी दंडात बघितला, आपल्या पूर्वजांनी अन्यत्र. दृष्टी तशी सृष्टी.

भोचक

😂😂 वैद्यबुवा, आता उंदराकडे बघायची सोय ठेवली नाहीत.

काढा_आणि_लेप

थांबा, पुढे ऐका. कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळ जी ग्रंथी असते ती पिशवीसारखी दिसते, म्हणून या मुष्कावरून कस्तुरीला फारसीत 'मुश्क' म्हणू लागले. तो शब्द ग्रीकमधून उशिराच्या लॅटिनमध्ये 'मुस्कुस' होऊन पोचला. आणि ज्या फळाला कस्तुरीसारखा सुवास येतो त्याला मध्ययुगीन लॅटिनमध्ये नाव पडलं 'नुक्स मुस्काता', कस्तुरीगंधी कवची फळ. म्हणजे आपलं जायफळ. तुमच्या भाचीला विचारा, जर्मनमध्ये अजून 'मुस्काटनुस' म्हणतात.

पानसुपारी

म्हणजे श्रीखंडावर जायफळ किसताना मी नक्की काय किसते आहे 🙈 वैद्यबुवा, पाडवा तोंडावर आलाय हो!

अटकमटक

विचारलं. मुस्काटनुस बरोबर. बटाट्याच्या लगद्यात घालतात म्हणे. त्यामागची हकीकत मात्र तिला सांगितली नाहीये, ती वैद्यबुवांनी स्वतः ताईला सांगावी.

तिने आणखी एक माहिती दिली. खूप व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ना, त्याला जर्मनमध्ये 'मुस्केलकाटर' म्हणतात. काटर म्हणजे बोका. आज उंदीर खेळवला की उद्या बोका येणारच! (नंतर वाचलं की हा काटर बहुधा सर्दीवाल्या 'कतार'चा अपभ्रंश आहे. कडूकारले यांनी लिहायच्या आत मीच लिहून टाकतो.)

कडूकारले

शहाणे झालात.

बर्फातला_उंट

मॉस्कोत सहा वर्षं काढली, म्हणून थोडं रशियन. मिश म्हणजे उंदीर, मिश्का म्हणजे छोटा उंदीर, आणि मिश्त्सा म्हणजे स्नायू. इथवर लॅटिनसारखंच. पण काखेलाही मिश्काच म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात तापाने फणफणलो होतो. नर्सने थर्मामीटर हातात दिला आणि 'पोद मिश्कू' म्हणून निघून गेली. 'उंदराखाली ठेव'. तापात मी खरोखर उंदीर शोधला असं म्हणणार नाही, पण गादी उचलून बघितली होती.

ग्रीक मूसचेही दोन्ही अर्थ होतात, उंदीर आणि स्नायू. आर्मेनियन 'मुक्न'चेही तेच. डच लोक अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो त्यालाही उंदीर म्हणतात. तेव्हा ही कल्पना रोमन लोकांचीच असं नाही, त्यांच्या आधीपासूनची असावी.

खाजणातला

अलिबागकडचा आहे. मूळ लेखात देवमाशाचा उल्लेख करून धागाकर्ते पुढे निघून गेलेत, तो राहू नये म्हणून लिहितो.

लिनेअसने १७५८ साली प्राण्यांची शास्त्रीय नावं ठरवली, तेव्हा घरातल्या उंदराला नाव दिलं 'मूस मुस्कुलुस'. म्हणजे 'उंदीर छोटा उंदीर'. त्याच वर्षी, त्याच पुस्तकात त्याने निळ्या देवमाशालाही मुस्कुलुस म्हटलं. आज त्याचं पूर्ण नाव 'बालेनोप्टेरा मुस्कुलुस'. एक जेमतेम वीस ग्रॅमचा, दुसरा शंभर टनांच्या वरचा, आणि विशेषण दोघांना एकच. बहुतेक जण लिहितात की लिनेअसने गंमत केली.

२०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्यावर लागला होता. आम्ही मोटारसायकली काढून गेलो. जिवंत होता तेव्हा. गावातले लोक आणि वनखात्याची माणसं त्याच्यावर पाणी ओतत होती. पाठीवरची कातडी ओल्या काळ्या पाटीसारखी, त्यावर पुसट ठिपके, आणि डोळा एवढासा, खाली तोंडाच्या कोपऱ्याशी. एवढं मोठं धूड आणि त्याला साधी कूसही बदलता येत नव्हती. वाचला नाही. शास्त्रीय नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. आज या धाग्यावर 'छोटा उंदीर' वाचलं आणि तो डोळाच आठवला.

गोधडी

खाजणातला, सुंदर लिहिलंत.

गंमत केली असेलही, पण लिनेअसला त्यासाठी शब्द नव्याने शोधावा लागला नव्हता. प्लिनीच्या लॅटिन ग्रंथात मुस्कुलुस नावाचा एक समुद्रजीव येतोच. देवमाशाच्या डोळ्यांवर जड भुवया पडून त्याला दिसेनासं होतं, तेव्हा हा मुस्कुलुस पुढे पोहत जाऊन उथळ पाणी कुठे आहे ते दाखवतो, असं प्लिनी लिहितो. म्हणजे वाटाड्याचं नाव फिरत फिरत देवमाशालाच पडलं असावं.

पानसुपारी

समुद्राचं चाललंय तर गोव्यातून माझी एक शिंपली. इंग्रजीत ज्याला 'मसल' म्हणतात, ती काळपट-हिरवी लांबट शिंपली, तीही या मुस्कुलुसचीच लेक. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. रोमन लोकांना बंद शिंपलीत बसलेला छोटा उंदीर दिसला. आमच्याकडे त्या शिनाण्यो. रव्यात घोळवून कुरकुरीत तळायच्या. कच्ची शिनाणी उघडून बाजूने बघा, एका टोकाला निमुळती, दुसरीकडे फुगीर, आणि कडेने केसांचा झुपका बाहेर आलेला. तो झुपका धरून ओढून काढायचा असतो, नाहीतर दातांत येतो. शेपूटच म्हणा ना! रोमनांचं चुकलं नाही.

भोचक

जायफळ गेलं, शिनाण्यो गेल्या. या धाग्यावर जेवायला काही शिल्लक ठेवणार आहात का?

अटकमटक

आता वेढ्याचं सांगतो, कारण मला हाच अर्थ सगळ्यांत आवडला.

इसवी सनापूर्वी ४९. सीझरच्या सैन्याने मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, वेढा घातला होता. सीझर स्वतः स्पेनमध्ये, वेढ्याची सूत्रं त्याचा सरदार त्रेबोनियसकडे. तटापाशी पोचायचं कसं? वरून धोंडे, डांबर, आग. मग सैनिकांनी साठ फूट लांबीचा एक सरकता लाकडी बोगदा बांधला. त्याला त्यांनी नाव दिलं मुस्कुलुस. छपराचं वर्णन सीझरने एखाद्या मुकादमाने लिहावं तसं लिहिलंय. दोन-दोन फूट जाडीची लाकडं. त्यावर विटा आणि चिखल, म्हणजे आग लागू नये. विटांवर चामडं, म्हणजे वरून पाणी सोडून कोणी चिखल धुवून काढू नये. आणि चामड्यावर पुन्हा जाड गोधड्या (गोधडीताई, तुमचा मान), म्हणजे चामडं जळू-फाटू नये. सगळं तयार झाल्यावर खाली ओंडके घालून ढकलत थेट शत्रूच्या बुरुजाला नेऊन भिडवलं आणि आत बसून बुरुजाचा पाया पोखरला.

साठ फुटांच्या धुडाला 'उंदरुल्या' म्हणणारे ते सैनिक मला एकदम ओळखीचे वाटले. आपल्याकडे सहा फुटी पैलवानाला 'बाळू' म्हणतात त्यातलाच प्रकार.

तालमीतला

बाळूचा उल्लेख झाला म्हणून हजर. कोल्हापूर. वाचतोय.

कडूकारले

वेढ्याच्या यंत्राचं नाव उंदरावरून की त्या वाटाड्या समुद्रजीवावरून, यावर रोमनांतच दोन मतं असावीत. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक वेगेतियस म्हणतो समुद्रजीवावरून: देवमाशाला जसा मुस्कुलुस, तसं मोठ्या बुरुजाला हे छोटं यंत्र मदतनीस. मला व्यक्तिशः पाया पोखरणारा उंदीरच पटतो.

घराण्याचं नाव आपण विसरलात. देकियुस मूस, रोमन सेनापती, बाप-लेक दोघेही. ख्रिस्तपूर्व ३४० मध्ये लढाई हातातून जाताना बापाने देवांना स्वतःचा बळी वाहून शत्रूत घोडा घातला. ख्रिस्तपूर्व २९५ मध्ये सेंटिनमला पोराने तेच केलं. दोघांचं उपनाम 'उंदीर'. आपल्याकडे उंदरे आडनावाचे लोक आहेत, त्यांनी छाती फुगवून हे सांगावं. लांडगे आणि वाघ आडनावांनी उगाच भाव खाल्लाय.

गोधडी

लाडाने हाक मारायलाही मूस चालायचा. मार्शल नावाच्या कवीच्या एका कवितेत त्याची बया त्याला 'माझ्या उंदरा' म्हणते. तो चिडतो, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि वैद्यबुवांच्या वरच्या प्रतिसादानंतर आता मी ते सांगणार नाही.

आणि रोमन कवी होरेस! 'पार्तूरिएंत मोंतेस, नास्केतुर रीदिकुलुस मूस.' डोंगरांना कळा सुटतील आणि जन्माला येईल हास्यास्पद उंदीर. आपण डोंगर पोखरून उंदीर काढतो, रोमन डोंगर बाळंत व्हायचे. आपल्या म्हणीत माणूस राबतो आणि फसतो. त्यांच्यात डोंगर स्वतःच कण्हून-कण्हून गाव गोळा करतो. मला त्यांचा डोंगर जास्त आवडतो, असे डोंगर मी ऑफिसात रोज बघते. पण खरी करामत शेवटच्या शब्दात आहे. लॅटिनमधल्या या वृत्तात ओळ एकाक्षरी शब्दावर क्वचितच संपवतात. होरेसने मोठमोठे शब्द लोळवत आणले आणि शेवटी टुण्णकन 'मूस'. क्विंतिलियन नावाच्या शिक्षकाने तेव्हाच या एकाक्षरी शेवटाचं कौतुक करून ठेवलंय.

नवखा_७

मुसंडी, मुस्कट, मुसक्या, मस्केट, मॉस्किटो हे सगळे पण यातलेच का?

कडूकारले

नाही. मॉस्किटो 'मुस्का'वरून. मुस्का म्हणजे माशी. तोफखान्यातली शस्त्रं ससाण्या-बहिरी ससाण्यांच्या नावाने ओळखली जायची, त्यात मस्केटचा मूळ शब्द एका छोट्या शिकारी पक्ष्याचा, आणि तोही मुस्काकडेच जातो. मुस्कट तोंडाशी संबंधित. मुसक्या आणि मुसंडीचं मी खात्रीने सांगत नाही. 'म'ला 'उ'कार दिसला की उंदीर शोधायचा नसतो.

काढा_आणि_लेप

'म'ला उकार असूनही उंदीर निघेल असं एक देतो, वनस्पती. उंदीरकानी. पावसाळ्यात जमिनीलगत पसरते, पान उंदराच्या कानासारखं गोल, बुडाशी खाच असलेलं. संस्कृतात मूषककर्णी किंवा आखुपर्णी. आखु म्हणजेही उंदीरच, उकरणारा. युरोपातही एका रोपट्याच्या पानांवरून लोकांनी उंदराचा कानच पाहिला आणि नाव पडलं मायोसोटिस. ग्रीक मूस अधिक कान. झाडं वेगळी, कान तोच.

अटकमटक

सगळ्यांना दंडवत. भाचीचा निरोप आलाय. तिने वर्गात मुस्कुलुसच्या तासाला सांगितलं की माझ्या आईच्या भाषेत हा बेडूक असतो. बाईंनी फळ्यावर उंदीर, सरडा आणि बेडूक अशी तिन्ही चित्रं काढायला लावली. मी तिला म्हटलं, हिंदीत दंडाच्या 'मछलियाँ' फडकतात, मासाही काढ. आता तिचा प्रश्न: "उंदीर कळला, पळतो म्हणून. मासा कळला, फडफडतो म्हणून. बेडूक का?"

उत्तर आहे कुणाकडे? की दंड फुगतो, बेडूकही फुगतो, एवढंच?

तालमीतला

याचसाठी थांबलो होतो.

तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याचा दंड तपासायचे. हात सैल सोडायला लावायचे. मग मूठ वळून मधलं बोट जरा पुढे काढायचे आणि त्याच्या पेराने दंडाच्या मांसल भागावर आडवा टोला. जोरात नाही, पण नेमका. त्याच जागी कातडीखालून टुण्णकन गाठ उसळते, लिंबाएवढी. उसळते, क्षणभर तशीच बसून राहते, आणि मग हळूहळू खाली दबते. पुन्हा टोला, पुन्हा उसळी. याला आम्ही 'बेडकुळी काढणे' म्हणायचो. शाळेतही मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या काढायची आणि मग मारामाऱ्या व्हायच्या.

उंदीर असता तर सरकत गेला असता. हे सरकत नाही. उडी मारतं आणि बसतं.

भाचीला सांगा, स्वतःवर करून बघ. मैत्रिणीवर नको, निळं पडतं.